चिमणी पडली, विमान आलं. आता आकाशातल्या अडथळ्यांचं काय?

15 जून 2023 ची दुपार बहुतेक सोलापूरकरांच्या लक्षात असेल. कुमठ्याच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची उंच चिमणी काही सेकंदांत जमीनदोस्त झाली आणि तो व्हिडिओ दिवसभर सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत राहिला. कोणी फटाके वाजवले, तर ज्यांचा ऊस त्या कारखान्यात जातो त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. दोन्ही बाजूंचं म्हणणं मी अनेक वर्षं ऐकत आलो होतो. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं: अडथळा कुठे आहे ते दिसत होतं. बोट दाखवून सांगता येत होतं, "ती बघा, तिच्यामुळे विमान येत नाही."

पुढे 29 सप्टेंबर 2024 ला नूतनीकरण झालेल्या सोलापूर विमानतळाचं पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे उद्घाटन झालं. 9 जून 2025 ला फ्लाय91 चं गोव्याचं विमान सुरू झालं आणि ऑक्टोबर 2025 मध्ये स्टार एअरची मुंबई सेवा. वंदे भारतने साडेसहा तास लागणारा मुंबईचा प्रवास तासाभरावर आला.

मग प्रश्न संपला का? माझं उत्तर आहे, अर्धा संपला. कारण इथून पुढे आपलं विमान वेळेवर सुटणार की नाही, उतरणार की माघारी जाणार, हे ज्या गोष्टी ठरवतात त्या होटगी रोडवर उभं राहून दिसत नाहीत. त्यांतली एक दिल्लीतल्या सर्व्हरमध्ये आहे, एक 36 हजार किलोमीटरवरच्या उपग्रहात आणि एक मुंबईच्या धावपट्टीच्या वेळापत्रकात. त्या समजून घेऊ आणि मग पाहू की पैसा आणि लक्ष आधी कुठे जायला हवं.

आधी मूळ कल्पना: लाइन क्लियर

सोलापूर हे रेल्वेचं गाव, म्हणून उदाहरण रेल्वेचंच घेतो. होटगी जंक्शनवरून गाडी सोडायची तर पुढचा ब्लॉक मोकळा असल्याची खात्री करावी लागते. एका ब्लॉकमध्ये एकच गाडी. हवाई वाहतूक नियंत्रणाचा, म्हणजे एटीसीचा, पायाही हाच आहे. फरक इतकाच की आकाशात रूळ नसतात आणि विमान थांबवून ठेवता येत नाही.

जिथे रडार नाही तिथे कंट्रोलर पायलटने रेडिओवर सांगितलेल्या जागेवर विसंबून काम करतो. अशा वेळी एकाच उंचीवर एकामागोमाग जाणाऱ्या दोन विमानांत साधारण 10 मिनिटांचं अंतर ठेवायची पद्धत आहे. ताशी 800 किलोमीटर वेगाने 10 मिनिटं म्हणजे 130 किलोमीटरहून जास्त. रडारवर विमान दिसत असेल तर हेच अंतर साधारण 5 सागरी मैलांवर, म्हणजे जेमतेम 9 किलोमीटरवर आणता येतं. आकाश तेवढंच, पण मावणारी विमानं कितीतरी जास्त. एटीसीचं आधुनिकीकरण म्हणजे मुळात हेच: माहिती जितकी नेमकी, तितकं अंतर कमी करता येतं आणि तरी सुरक्षितता टिकते.

माहिती अपुरी असली की काय होतं, याचा सगळ्यात कडवा धडा आपल्याच देशात मिळाला. 12 नोव्हेंबर 1996 ला हरियाणातल्या चरखी दादरीजवळ सौदी अरेबियाचं बोइंग 747 आणि कझाकस्तानचं इल्युशिन 76 हवेत एकमेकांवर आदळले. 349 माणसं गेली. कझाक विमान त्याला दिलेल्या उंचीपेक्षा खाली उतरलं होतं. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमान कुठे आहे ते दिसायचं. ते किती उंचीवर आहे ते दिसायचं नाही. त्यानंतर उंची सांगणारं दुय्यम रडार आलं, येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे झाले आणि टक्कर टाळणारी यंत्रणा विमानांत सक्तीची झाली.

अडथळा पहिला: निरोपांची यंत्रणा

आता 2025 च्या नोव्हेंबरात या. 6 आणि 7 तारखेला दिल्ली विमानतळावर 800 हून अधिक उड्डाणांना उशीर झाला. धुकं नव्हतं, वादळ नव्हतं, संप नव्हता. बंद पडली होती ती ऑटोमॅटिक मेसेज स्विचिंग सिस्टीम, एएमएसएस.

हे काय प्रकरण आहे? प्रत्येक उड्डाणाआधी विमान कंपनी एक फ्लाइट प्लॅन दाखल करते: कोणतं विमान, कोणत्या मार्गाने, किती उंचीवर, किती वेगाने, किती वाजता. एएमएसएस म्हणजे या निरोपांचं पोस्ट ऑफिस. ती हा प्लॅन कंट्रोलरच्या संगणकापर्यंत पोहोचवते. मग पडद्यावरच्या ठिपक्याला नाव मिळतं, मार्ग मिळतो, पुढचा अंदाज बांधता येतो. पोस्ट ऑफिस बंद पडल्यावर कंट्रोलरना प्लॅन हाताने भरावे लागले. रोज दीड हजारांच्या आसपास विमानांची ये-जा असलेल्या ठिकाणी हाताने! रडार चालू होतं, रेडिओ चालू होता, म्हणून सुरक्षितता टिकली. वेग मात्र गेला.

असं फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. 11 जानेवारी 2023 ला अमेरिकेत वैमानिकांना सूचना पोहोचवणारी यंत्रणा कोसळली आणि देशभरातली उड्डाणं काही काळ जमिनीवर रोखावी लागली. कारण काय, तर देखभालीच्या कामात चुकून काही फाइल्स डिलीट झाल्या. 28 ऑगस्ट 2023 ला ब्रिटनमध्ये तर आणखी गमतीशीर, पण महागात पडलेली गोष्ट घडली. एका फ्लाइट प्लॅनमध्ये दोन वेगवेगळ्या ठिकाणांचा सांकेतिक कोड एकच होता, डीव्हीएल. एक ठिकाण फ्रान्समधलं, एक अमेरिकेतलं. सॉफ्टवेअरला हे कोडं सुटेना, म्हणून ते स्वतःहून बंद झालं. राखीव यंत्रणा लगेच चालू झाली, पण तिच्यातही तेच सॉफ्टवेअर होतं. तिने तोच प्लॅन वाचला आणि तीही बंद पडली. 7 लाखांहून जास्त प्रवाशांना फटका बसला.

इथला धडा साधा आहे. घरात दोन इन्व्हर्टर ठेवले, पण दोन्ही एकाच खराब बोर्डाला जोडले, तर अंधारच होणार. राखीव यंत्रणा वेगळ्या पद्धतीने चालणारी हवी.

यात सोलापूरचा संबंध कुठे येतो? मोठ्या विमानतळावर उशीर झाला तर त्याच विमानाच्या दिवसभराच्या पुढच्या फेऱ्या मागे सरकतात, आणि साखळीच्या शेवटी बहुतेक वेळा आपल्यासारखं शहर असतं. मोठ्या मार्गावर दोन तासांनी दुसरं विमान मिळतं. आपल्याकडे फेरी रद्द झाली की संध्याकाळी सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं तिकीट शोधायचं.

अडथळा दुसरा: ढगातून उतरायचं कसं

सोलापूरला पाऊस कमी, पण पावसाळ्यात ढग खाली येतात आणि हिवाळ्याच्या सकाळी धूसरपणा असतो. केवळ डोळ्यांनी बघून उतरायचं असेल तर नियमानुसार साधारण 5 किलोमीटरची दृश्यता लागते. ती नसेल तर यंत्रांच्या आधाराने उतरण्याची पद्धत हवी.

मोठ्या विमानतळांवर यासाठी आयएलएस असते. धावपट्टीजवळचे अँटेना विमानाला डावं-उजवं आणि वर-खाली असं दोन्ही मार्गदर्शन करतात. उत्तम यंत्रणा, पण प्रत्येक धावपट्टीसाठी वेगळी बसवावी लागते, तिला सपाट मोकळी जागा लागते आणि ठरावीक काळाने खास विमान उडवून तिची तपासणी करावी लागते. दिवसाला मोजकी उड्डाणं असलेल्या गावाला हा खर्च जड जातो.

इथे भारताकडे स्वतःचं एक उत्तर आहे: गगन. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने मिळून सुमारे 774 कोटी रुपयांत उभी केलेली ही यंत्रणा. तिचं काम असं चालतं. जीपीएसचा संकेत आयनोस्फिअरमधून येताना थोडा रेंगाळतो, त्यामुळे जागेत काही मीटरची चूक होते. विषुववृत्ताजवळच्या देशांत हा त्रास जास्त. रस्त्यावर ही चूक चालून जाते. उतरणाऱ्या विमानाच्या उंचीत चालत नाही. म्हणून देशभरात 15 संदर्भ केंद्रं ठेवली आहेत, ज्यांची स्वतःची जागा अगदी अचूक मोजलेली आहे. जीपीएस काय सांगतं आणि खरं काय आहे, यातला फरक ती काढतात. बंगळुरूतलं मुख्य केंद्र त्यावरून दुरुस्ती तयार करतं आणि जीसॅट मालिकेतल्या भूस्थिर उपग्रहांमार्फत ती विमानापर्यंत पोहोचते. संकेत भरवशाचा नसेल तर तसा इशाराही काही सेकंदांत मिळतो.

याचा फायदा म्हणजे गावागावात आयएलएस न बसवता साधारण 250 फुटांपर्यंत खाली येण्याचं मार्गदर्शन मिळू शकतं. 28 एप्रिल 2022 ला राजस्थानातल्या किशनगढला इंडिगोचं एटीआर 72 विमान याच पद्धतीने उतरलं. तेही एक छोटं विमानतळ, आणि सोलापूर-गोवा मार्गावरही एटीआरच धावतं. म्हणजे ही दूरची स्वप्नं नव्हेत.

मात्र गगन म्हणजे जादूची कांडी समजू नका. कमी उंचीपर्यंत उतरायची परवानगी हवी असेल तर धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना पुरेशी मोकळी पट्टी लागते, दिवे लागतात आणि आजूबाजूच्या प्रत्येक इमारतीची, मनोऱ्याची, पाण्याच्या टाकीची अचूक उंची नोंदवलेली लागते. म्हणजे आपण परत चिमणीपाशीच आलो. एक चिमणी पाडायला आपल्याला वर्षानुवर्षं लागली. होटगी रोड, मजरेवाडी भागात उद्या कोणी परवानगीपेक्षा दोन मजले जास्त चढवले, तर त्या अडथळ्याला ना धूर असेल ना बातमी. विमानतळ प्राधिकरणाचे रंगीत झोन नकाशे आणि उंचीच्या ना-हरकतीसाठीची ऑनलाइन व्यवस्था याच कामासाठी आहे. बांधकाम परवाना देताना ते पाहिलं जातं का, यावर महापालिकेने नजर ठेवली तर पुन्हा स्फोटकं लावायची वेळ येणार नाही.

अडथळा तिसरा: एकाच खांबावर दोन मजले

आता थोडी काळजीची गोष्ट. गगन जीपीएसवर उभं आहे. आणि विमान कुठे आहे हे दाखवणारं नवं तंत्र, एडीएस-बी, तेही जीपीएसवरच उभं आहे. एडीएस-बीमध्ये विमान स्वतःच दर सेकंदाला "मी इथे आहे, या उंचीवर, या वेगाने" असं प्रसारित करतं. फ्लाइटरडार24 वर तुम्ही मुंबईच्या विमानाचा पिवळा ठिपका पाहता ना, तो बहुतेक याच प्रसारणातून येतो.

म्हणजे उतरण्याचं मार्गदर्शन आणि नजर ठेवणं, दोन्ही एकाच संकेतावर. आणि हा संकेत फसवता येतो. जमिनीवरून जास्त ताकदीचा खोटा जीपीएस संकेत सोडला की रिसीव्हर त्यावर विश्वास ठेवतो. याला स्पूफिंग म्हणतात. नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्लीजवळ असे प्रकार झाल्यावर डीजीसीएने अशी घटना 10 मिनिटांत कळवण्याचा आदेश काढला. डिसेंबरमध्ये नागरी विमान वाहतूक मंत्र्यांनी संसदेत दिल्लीसोबत मुंबई, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद अशा विमानतळांचीही नावं घेतली.

यावर काही जण म्हणतील, मग उपग्रहाचा नादच नको. मला ते पटत नाही. यूपीआय बंद पडतं म्हणून कोणी यूपीआय सोडत नाही. खिशात शंभर-दोनशे रुपये ठेवतो. तसंच इथे. उपग्रहावरची पद्धत छोट्या विमानतळांपर्यंत न्यावी, पण जमिनीवरचे दिशादर्शक, मोक्याची आयएलएस आणि दुय्यम रडार "जुनं झालं" म्हणून काढून टाकू नये. आधुनिकीकरणात नवं काय आणलं याच्या बातम्या होतात. जुनं काय जपून ठेवलं याच्या होत नाहीत.

अडथळा चौथा: मुंबईची रांग

मुंबई विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. म्हणून एका वेळी प्रत्यक्षात एकच वापरता येते. मुंबईत उतरण्याची वेळ, म्हणजे स्लॉट, मिळणं इतकं अवघड का, याचं हे मूळ. सोलापूरहून सकाळी मंत्रालयात किंवा कोर्टात काम आणि रात्री घरी परत, ही आपली खरी गरज. मिळाली ती दुपारची फेरी.

शिवाय देशभरातल्या वाहतुकीचं नियोजन करणारं प्रवाह व्यवस्थापन केंद्र दिल्लीत आहे. मुंबईत गर्दी किंवा पाऊस असला तर ते ठरवतं की कोणतं विमान किती वाजता उडेल. विचार बरोबर आहे: मुंबईवर अर्धा तास घिरट्या घालून इंधन जाळण्यापेक्षा विमान सोलापुरात जमिनीवर थांबलेलं बरं. पण प्रवाशाला हे कोणी सांगत नाही. बाहेर स्वच्छ ऊन आहे, विमान समोर उभं आहे, तरी सुटत का नाही, म्हणून काउंटरवरच्या मुलीवर राग निघतो.

25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईहून उड्डाणं सुरू झाली आहेत. जागा वाढली, हे खरं. पण दोन मोठी विमानतळं एकाच आकाशात शेजारी आली की दोघांचे चढण्या-उतरण्याचे मार्ग एकत्र आखावे लागतात, नाहीतर एकाची सोय ती दुसऱ्याची अडचण. त्यात पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं. 2020 मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी सांगितलं होतं की देशाचं फक्त 60 टक्के आकाश नागरी विमानांना मुक्तपणे वापरता येतं, आणि निर्बंध सैल केले तर वर्षाला सुमारे 1,000 कोटी रुपये वाचतील. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई अशा चार भागांत विभागलेलं आकाश नागपुरातून एकत्र सांभाळायचं, असा 'ईशान' नावाचा प्रकल्पही 2024 पासून चर्चेत आहे. चांगली कल्पना. फक्त ब्रिटनचा धडा विसरू नये: सगळं एका जागी आणलं, तर ती जागा बंद पडल्यावर काय, याचं उत्तर पहिल्या दिवशी तयार हवं.

आणि माणसं

या सगळ्या यंत्रणांच्या मध्ये हेडफोन लावून एक माणूस बसलेला असतो. दिल्लीत पोस्ट ऑफिस बंद पडलं तेव्हा काम त्यानेच सावरलं. ऑगस्ट 2025 मध्ये संसदीय स्थायी समितीने विमान सुरक्षेवरच्या अहवालात कंट्रोलरची कमतरता आणि त्यांच्यावरचा ताण यांकडे बोट दाखवलं. कंट्रोलर भरती झाला की दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसत नाही; त्या विशिष्ट जागेचं प्रशिक्षण आणि परवाना लागतो. म्हणून धावपट्टीचं भूमिपूजन होतं त्या वर्षीच भरतीही सुरू व्हायला हवी.

छोट्या विमानतळांसाठी एक मार्ग स्वीडनने 2015 मध्ये दाखवला. एर्न्शोल्ड्सविक या गावच्या विमानतळाचं नियंत्रण कॅमेऱ्यांच्या मदतीने सुंड्सवाल या दुसऱ्या शहरातून सुरू झालं. दिवसाला चार-सहा उड्डाणांच्या आपल्या विमानतळांसाठी याचा विचार करण्यासारखा आहे, अट एकच: जोडणारी केबल दोन वेगवेगळ्या रस्त्यांनी आलेली असावी. रस्ता खोदताना इंटरनेट जाणं म्हणजे काय, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको.

मग आधी काय?

माझा क्रम असा:

1. निरोप आणि डेटाच्या जुन्या यंत्रणा बदलणं, राखीव यंत्रणा खरोखर वेगळी ठेवणं आणि बिघाडानंतरचा चौकशी अहवाल लोकांसमोर ठेवणं.
2. कंट्रोलरची भरती, प्रशिक्षण आणि पुरेशी विश्रांती.
3. उडानमधल्या छोट्या विमानतळांवर गगनवर आधारित उतरण्याची पद्धत, अडथळ्यांच्या अद्ययावत नोंदींसह.
4. जमिनीवरच्या जुन्या यंत्रणांपैकी निवडक जपणं.
5. मुंबई-नवी मुंबईत छोट्या शहरांसाठी सकाळ-संध्याकाळचे काही स्लॉट राखणं.

नवी टर्मिनल्स या यादीत नाहीत, हे मुद्दाम. कॅगच्या 2023 च्या अहवालानुसार उडानच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत दिलेल्या 774 मार्गांपैकी 403 सुरूच झाले नाहीत, आणि सवलतीची तीन वर्षं संपल्यावरही टिकलेले मार्ग फक्त 54. याला कारणं अनेक आहेत, पण प्रवाशाच्या बाजूने हिशेब सोपा असतो. विमान दोनदा रद्द झालं की माणूस तिसऱ्यांदा वंदे भारतच पकडतो. सोलापूरची मुंबई सेवा राज्य सरकारच्या तूट भरून देण्याच्या निर्णयाच्या आधारावर उभी आहे. तो आधार कधीतरी निघेल. तोवर लोकांचा भरवसा बसला असेल तरच विमान राहील.

बोरामणीच्या मोठ्या विमानतळाची चर्चा आपल्याकडे अधूनमधून रंगतेच. ती व्हावी. पण तोवर होटगी रोडच्या विमानतळाबद्दल लोकप्रतिनिधींना विचारायचे तीन प्रश्न लिहून ठेवा: गगनवर आधारित उतरण्याची पद्धत कधी मंजूर होणार? अडथळ्यांचं सर्वेक्षण शेवटचं कधी झालं? आणि गेल्या सहा महिन्यांत किती फेऱ्या कोणत्या कारणाने रद्द झाल्या? चिमणीच्या वेळी प्रश्न विचारायला आपण कमी पडलो नव्हतो.